ट्रिप्सिन टाकलं तं गॅमिट चिकटेनात, मग फर्टिलायझेशनला एन्झाइम लागतं ते कोणतं?

प्रश्न आधी सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नागपूरचीच एमएस्सीची पोरगी आहे, प्रोजेक्टला क्लॅमिडोमोनास, म्हणजे दोन शेपट्यांनी पोहणारं एकपेशी हिरवं शेवाळ, घेतलंय. तिनं गॅमिटना, म्हणजे जुळणाऱ्या लैंगिक पेशींना, ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम दिलं तं प्लस आणि मायनस (त्यांचे दोन मेटिंग टाइप, नर-मादीसारखे) एकमेकांना चिकटेचनात, सगळे आपापले पोहत राहिले. आणि नोट्समध्ये तं लिहून ठेवलंय की हरित शैवालात एन्झाइमशिवाय फर्टिलायझेशन होतच नाही. "ताई, मग एन्झाइम मदत करतं की बिघडवतं? व्हायवाला काय सांगू?"

बेटा, दोन्ही करतं, आणि यात काही विरोध नाही. तुझ्या डोक्यात "फर्टिलायझेशन" म्हणजे एकच घटना आहे, तिथं घोळ होऊन राहिला. ते तीन वेगळे टप्पे आहेत, आधी फ्लॅजेला, म्हणजे पोहायच्या शेपट्या, चिकटतात, मग सेल वॉल, म्हणजे पेशीची भिंत, उतरते, मग दोन पेशी एक होतात, आणि प्रत्येक टप्प्याची प्रोटीनं वेगळी, त्यांना तोडणारी किंवा लागणारी एन्झाइमं वेगळी. तू बाहेरून टाकलेलं ट्रिप्सिन पहिल्या टप्प्यावर घाव घालतं, पेशीचं स्वतःचं एन्झाइम दुसऱ्या टप्प्यावर काम करतं. "एन्झाइमचा परिणाम" असं मोघम वाक्य थिसिसमध्ये लिहिलं तं मी परीक्षक असते तर तिथंच थांबवलं असतं, कोणतं एन्झाइम, कोणत्या टप्प्यावर, कोणत्या मेटिंग टाइपवर, हे तीन प्रश्न विचारून.

आधी एकदा नीट पाहा तरी काय होतं ते. मी वीस-बावीस वर्षं हे शेवाळ सांभाळून राहिले आणि अजूनही मिक्सिंगच्या वेळी मायक्रोस्कोप सोडून आधी ट्यूबकडेच पाहते. दोन ट्यूब, दोन्हीत एकसारखं पोपटी हिरवं पाणी, उजेडाकडे धरून हलवलं तं रेशमासारखी लहर दिसते, म्हणजे पोहून राहिलेत. दोन्ही एकत्र ओतले की मिनिटाभरात ते गुळगुळीत हिरवं पाणी दूध नासल्यासारखं दाणेदार होतं. दाणे नुसत्या डोळ्यांनी दिसतात, चष्मा असला तरी. एक थेंब स्लाइडवर घेतला तं शेकडो पेशी फ्लॅजेलांनी एकमेकींत गुंतलेल्या, थरथरत असलेले गोळे. हे झालं चिकटणं, फर्टिलायझेशन नाही. पुष्कळ पोरं इथंच "पॉझिटिव्ह" लिहून चहाला जातात.

चिकटवणारी वस्तू म्हणजे अॅग्लुटिनिन. फ्लॅजेलाच्या अंगावर बसलेले लांबच लांब ग्लायकोप्रोटीन (साखर जोडलेलं प्रोटीन), प्लसवाल्यांचं वेगळं, मायनसवाल्यांचं वेगळं, जीन्सची नावं अनुक्रमे सॅग-वन आणि सॅड-वन. हायड्रॉक्सिप्रोलीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर, साखरेच्या साखळ्या लटकलेल्या. दिवाळीनंतर शेतातून आलं की पायजम्याला कुसळं चिकटून येतात ना, साधारण तसं समज, फक्त इथं कुसळ फक्त समोरच्या टाइपच्या कापडालाच चिकटतं, आपल्याच टाइपला नाही.

आता ट्रिप्सिन काय करतं? प्रोटीन कापतं, आणि ही कुसळं बाहेर उघड्यावर आहेत, मग पहिला वार त्यांच्यावरच. पेशी मरत नाही, फ्लॅजेला शाबूत, पोहणं चालू, फक्त चिकटण्याची ओळख गेलेली. म्हणजे दाढी केल्यासारखं झालं, माणूस तोच. आणि दाढीसारखंच ते परत येतं, ट्रिप्सिन धुवून काढलं आणि पेशींना उजेडात ठेवलं तं एक-दोन तासांत चिकटपणा परत येतो, कारण पेशी नवीन अॅग्लुटिनिन फ्लॅजेलावर पाठवत राहते. सायक्लोहेक्झिमाइड टाकून प्रोटीन बनवणं बंद केलं तं हे परत येणं अडतं. तुझ्या प्रयोगात हे परत येणं पाहिलंस का? नसेल पाहिलं तं तुझ्याकडे "ट्रिप्सिननं अॅग्लुटिनिन काढलं" आणि "ट्रिप्सिननं पेशी अर्धमेली केली" यात फरक सांगणारा पुरावाच नाही. परत आलं म्हणजे पेशी ठणठणीत होती, गेली होती ती फक्त वरची कुसळं.

एक गोष्ट जी मला स्वतःला फार उशिरा कळली. ही कुसळं ट्रिप्सिन न टाकताही खर्च होत असतात. चिकटलेले गॅमिट एकमेकांचं अॅग्लुटिनिन वापरून टाकतात, ते निकामी होतं आणि नवीन येत राहावं लागतं. पेशीच्या मुख्य अंगावरच्या पडद्यात अॅग्लुटिनिनचा साठा असतो, चिकटण्याचा सिग्नल गेला की तो साठा फ्लॅजेलावर चढतो. म्हणून चिकटणं म्हणजे एकदा फेव्हिकॉल लावला आणि झालं असं नाही, ते सतत चालू ठेवावं लागणारं काम आहे.

आणि सगळ्याच जातींत सगळं सारखं नाही हेही व्हायवाला सांग. फ्लोरिडात लुट्झ वीझे यांनी १९६०-७० च्या दशकांत क्लॅमिडोमोनासच्या वेगवेगळ्या जातींवर याच विषयाची मालिका केली, वेगवेगळी एन्झाइमं टाकून गॅमिटचा कॉन्टॅक्ट कशानं तुटतो ते तपासलं. प्रोटीन कापणारी एन्झाइमं, साखर कापणारी एन्झाइमं, आणि कॉनकॅनॅव्हॅलिन ए सारखं लेक्टिन, जे एन्झाइम नाही पण साखरेला धरून बसतं. त्यातून आलेली कल्पना अशी की कुलूप-किल्ली जोडीत दोन्ही बाजू एकसारख्या नाजूक नसतात, एक टाइप एका उपचारानं निकामी होतो तं दुसरा त्याच उपचारातून आरामात सुटतो. म्हणून तू प्लस आणि मायनस आधी मिसळून मग एन्झाइम टाकलं असशील तं अर्धी माहिती तिथंच वाया गेली. फक्त प्लसला दे, धू, साध्या मायनसशी मिसळ. मग उलटं. चार ट्यूब जास्त लागतात, बस.

आता दुसरा टप्पा. माझ्या मते खरी मजा इथंच आहे.

फ्लॅजेला चिकटले की आत खबर जाते. पेशीत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या सुमारे दहापट वाढतो. त्यानं तीन कामं होतात, फ्लॅजेलाची टोकं बदलतात, दोन फ्लॅजेलांच्या बुडाशी असलेली मेटिंग स्ट्रक्चर जागी होते, आणि सेल वॉल विरघळवणारं एन्झाइम सुटतं. या एन्झाइमला गॅमिट लायटिक एन्झाइम म्हणतात, जुनी माणसं ऑटोलायसिन म्हणतात, आम्ही लॅबमध्ये नुसतं "लायसिन". जस्तावर चालणारं प्रोटीएज, म्हणजे प्रोटीन कापणारं एन्झाइम, आहे, आकार साठ-पासष्ट किलोडाल्टनच्या आसपास. जपानमध्ये कोबे विद्यापीठात मात्सुदा यांच्या गटानं त्याचा जीन १९९२ मध्ये वाचला तेव्हा कळलं की आपल्या शरीरात पेशींच्या मधला चिकट थर तोडणारी जी मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीएज असतात त्यांच्याच घराण्यातलं हे आहे.

हे एन्झाइम चिकटल्यावर बनत नाही, ते आधीच तयार असतं. गॅमिट बनतानाच पेशी ते बनवून ठेवते, आणि ठेवते कुठं तं पडदा आणि वॉल यांच्या मधल्या बोळीत, म्हणजे ज्या भिंतीला तोडायचं तिच्याच पायाशी. पण कुलूप लावून, निष्क्रिय रूपात. सिग्नल आला की दुसरं एक एन्झाइम, सेरीन प्रोटीएज, बाहेर सोडलं जातं आणि ते पहिल्याचा एक तुकडा कापून त्याला जागं करतं. डलासमध्ये विल्यम स्नेल यांच्या गटानं १९८९ मध्ये हे दाखवलं. म्हणजे एक कात्री दुसऱ्या कात्रीची म्यान कापते. हे वाचलं तेव्हा मी जेवायचं विसरले होते, खरंच.

लग्नाची उपमा देऊ नये म्हणतात पण देते. वॉल म्हणजे अंतरपाट. फक्त इथं क्रम उलटा आहे, आधी हात धरतात आणि धरलेल्या हातांमुळेच अंतरपाट खाली येतो. हात धरलेच नाहीत तं धरणारे मामा दिवसभर उभे. तुझं ट्रिप्सिन तेच करून राहिलं, हात सोडवून राहिलं, मग लायसिन जागं होणार कसं? म्हणून तुझ्या ट्यूबमध्ये झायगोट (दोन गॅमिट जुळून झालेल्या पेशी) शून्य आले, यात लायसिनचा काही दोष नाही, तो बिचारा बोळीत कुलूपबंद बसून आहे.

दरवर्षी कोणीतरी विचारतं, मी सेल्युलेज टाकू का, वॉल काढायला? नको. क्लॅमिडोमोनासच्या वॉलमध्ये सेल्युलोज नाही. पूर्ण भिंत हायड्रॉक्सिप्रोलीनवाल्या ग्लायकोप्रोटीनची आहे, थरांवर थर. स्पायरोगायराच्या भिंतीत सेल्युलोज असतं म्हणून तिथली सवय इथं लावतात आणि महागडं सेल्युलेज वाया घालवतात. मग कोणतंही प्रोटीएज चालेल का? तेही नाही. मटण शिजत नसलं तं कच्ची पपई लावतो आपण, पपईतलं पपेन समोर येईल ते प्रोटीन कापत सुटतं, ट्रिप्सिनही त्यातलंच, फक्त थोडं शिस्तीचं. पण ही भिंत साखरेच्या साखळ्यांनी इतकी मढवलेली आहे की तुझ्या डोसच्या ट्रिप्सिननं ती पडत नाही, पेशी वॉलसकट पोहत राहते. लायसिन मात्र नेमकी जागा ओळखून कापतं आणि काही मिनिटांत भिंत उतरते. ते वाढणाऱ्या साध्या पेशींची भिंतही खातं, गॅमिटचीही खातं, फक्त झायगोटच्या नव्या भिंतीवर त्याचं काही चालत नाही. आणि एकदा ते पाण्यात सुटलं की ट्यूबमधल्या सगळ्यांवर काम करतं, ज्यांना जोडीदार मिळाला नाही त्यांचीही भिंत जाते. म्हणूनच आम्ही मिसळलेल्या गॅमिटचं वरचं पाणी सेंट्रिफ्यूज करून काढतो आणि उणे ८० मध्ये ठेवतो, पुढं काचेच्या मण्यांनी डीएनए घालायच्या प्रयोगात भिंत काढायला तेच फुकटचं लायसिन कामी येतं.

आणि याला दुसऱ्या एका एन्झाइममध्ये मिसळू नको. पेशी विभागली की आईच्या जुन्या भिंतीतून पोरींना बाहेर पडायचं असतं, त्यासाठी वेगळं एन्झाइम आहे, सेरीन प्रोटीएज, सबटिलिसिनच्या कुळातलं, स्पोरँजिन म्हणतात. ते फक्त आईची भिंत फोडतं. पोरं दोन्हीला "ऑटोलायसिन" म्हणतात आणि मग कोणत्या इन्हिबिटरनं (थांबवणाऱ्या रसायनानं) कोण थांबतं याचा गोंधळ. लायसिनला जस्त लागतं म्हणून जस्त पकडून नेणाऱ्या ईडीटीए किंवा फिनँथ्रोलीननं ते थांबतं.

ईडीटीएवरून आठवलं. आमच्याकडे एक पोरगा होता, हुशार पण घाईचा. त्याला ट्रिप्सिन हवं होतं, ऑर्डर यायला वेळ होता, म्हणून शेजारच्या प्राण्यांच्या पेशी वाढवणाऱ्या लॅबमधून बाटली मागून आणली. तीन आठवडे प्रयोग केले. निकाल असे की कधी चिकटणं अर्धं, कधी चिकटून राहिले पण वॉल जाईना, कधी काहीच नाही. ग्राफ म्हणजे नुसता पोह्यावरचा शेव. मी एके दिवशी सहज बाटली हातात घेतली तं लेबलवर स्पष्ट लिहिलेलं, ट्रिप्सिन-ईडीटीए. त्या लोकांना पेशी तळापासून सोडवायला दोन्ही लागतात, त्यांच्यासाठी ती बाटली बरोबरच. पण आमच्यासाठी एकाच बाटलीत दोन संशयित, ट्रिप्सिन कुसळं कापून राहिलं आणि ईडीटीए लायसिनचं जस्त पळवून राहिलं, शिवाय कॅल्शियमही पळवून राहिलं, आता कोणी काय केलं हे कोण सांगणार? तीन आठवडे गेले, आणि खरं सांगायचं तं चूक माझीही, पहिल्याच दिवशी मी बाटली पाहायला हवी होती, भैताडासारखी विश्वासावर राहिले. साधं ट्रिप्सिन आलं, नंतर सोयाबीन ट्रिप्सिन इन्हिबिटरनं थांबवलं, दोनदा धुतलं, आणि चार दिवसांत स्वच्छ निकाल आला.

तर तुझी बाटली आज पाहा. हे आधी.

वॉल गेली की नाही हे पाहायला भारी मशीन लागत नाही. डिटर्जंट टेस्ट कर. थोडं ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४०, त्यात ईडीटीए (इथं ईडीटीए मुद्दाम, म्हणजे टेस्ट चालू असताना लायसिन पुढं काम करत राहत नाही), त्यात पेशी टाक. भिंत असलेली पेशी आकार धरून ठेवते, भिंत नसलेली फुटून जाते. ट्यूबमध्ये फरक असा दिसतो की भिंतवाल्यांचं पाणी गढूळ हिरवं राहतं, मागं पेन धरला तं धूसर दिसतो, आणि भिंत गेलेल्यांचं पाणी पारदर्शक गर्द हिरवं होतं, पेनवरची अक्षरं वाचता येतात. मग फुटलेल्या-न फुटलेल्या मोजायच्या. मी अजूनही आकड्याच्या आधी पेनवरच विश्वास ठेवते.

आता फ्युजन. दोघांच्याही भिंती गेल्या की प्लसच्या मेटिंग स्ट्रक्चरमधून अॅक्टिननं भरलेली बारीक नळी बाहेर येते, मायनसच्या बाजूला छोटा उंचवटा. नळीच्या टोकावर फस-वन नावाचं प्रोटीन, त्यानं दोन पडदे जवळ येऊन धरले जातात. पण धरणं वेगळं आणि मिसळणं वेगळं, मिसळायचं काम मायनसवरच्या हॅप-टू प्रोटीनचं. फस-वन नसलेला प्लस म्युटंट, इम्प-वन, फ्लॅजेलांनी झकास चिकटतो, भिंतही उतरते, पण फ्युजन नाही. हॅप-टू नसलेला मायनस पडद्याला पडदा लावून उभा राहतो आणि तिथंच थांबतो. अर्सुला गुडइनफ यांच्या लॅबमधून हे इम्पोटंट म्हणजे इम्प म्युटंट आले आणि टप्पे वेगळे आहेत ही गोष्ट त्यांनीच लोकांच्या गळी उतरवली.

हॅप-टूची रचना २०१७ मध्ये क्लॅमिडोमोनासच्याच प्रोटीनवरून उलगडली, आणि ती निघाली डेंग्यू आणि झिकाच्या व्हायरसवर पेशीत घुसण्याचं जे प्रोटीन असतं त्याच्या ढंगाची. दर पावसाळ्यात आपल्या नागपुरात घरोघरी ज्या डेंग्यूच्या नावानं कूलरचं पाणी फेकायला लावतात, त्याची घुसायची कळ आणि फुटाळा तलावातल्या शेवाळाची लग्न लावायची कळ एका घराण्यातली. मलेरियाच्या परजीवीलाही गॅमिट जुळवायला हॅप-टू लागतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं.

इथं ट्रिप्सिन वेगळ्याच भूमिकेत येतं. हॅप-टू पेशीत दोन रूपांत दिसतं, त्यातलं जे पेशीच्या बाहेर पृष्ठभागावर आहे तेच ट्रिप्सिननं तुटतं, आतलं वाचतं. म्हणजे जिवंत गॅमिटला ट्रिप्सिन देऊन मग जेल चालवलं (प्रोटीनं आकारानुसार वेगळी केली) की कोणतं प्रोटीन बाहेर होतं ते कळतं. आता इथं कोणी म्हणेल का की ट्रिप्सिन मदत करून राहिलं? ते तं नुसतं पट्टी-पेन्सिल आहे आपल्या हातात. फ्युजन झाल्याबरोबर पेशी स्वतःच फस-वन आणि हॅप-टू तोडून टाकते, काही मिनिटांत, म्हणजे तिसरा पाहुणा घुसायला नको. तोडणं इथंही आहेच बघ, पण आता पेशीच्या फायद्याचं.

तू टप्पे वेगळे कसे करशील ते सांगते. पहिला टप्पा टाळून दुसरा पाहायचा असेल तं डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी (बाहेरून टाकलं तरी पेशीत शिरणारं सायक्लिक एएमपी) आणि सोबत आयबीएमएक्स (ते आत तुटू न देणारं रसायन) दे, एकट्या प्लसला किंवा एकट्या मायनसला. जोडीदार नाही, चिकटणं नाही, तरी भिंत उतरते, कारण तू खबर थेट आत पोचवली. आता ट्रिप्सिन दिलेल्या, धुतलेल्या गॅमिटला हेच दे. भिंत उतरली तं सिद्ध झालं की ट्रिप्सिननं दुसरा टप्पा बिघडवला नव्हता, फक्त पहिला. माझ्या मते तुझ्या अख्ख्या प्रोजेक्टमधला हा एक प्रयोग बाकी सगळ्यांवर भारी पडेल. भिंतच टाळायची असेल तं सीडब्ल्यू-१५ सारखे मुळातच भिंत नसलेले म्युटंट आहेत. कंट्रोलमध्ये उकळून मारलेलं ट्रिप्सिन ठेव, आणि आधीच इन्हिबिटर मिसळलेलं ट्रिप्सिन ठेव, दोन्ही ठेव, एकावर भागवू नको.

मोजायचं कसं तेही. मिसळून तासाभरानं ग्लुटाराल्डिहाइडनं फिक्स कर. जुळलेल्या जोडीला चार फ्लॅजेला, न जुळलेल्याला दोन. एक चारवाली म्हणजे दोन गॅमिट होते, म्हणून तिला दुप्पट धरायचं. समज ६० चारवाल्या आणि ८० दोनवाल्या दिसल्या, तर १२० भागिले २००, म्हणजे ६० टक्के. पोरं ६० भागिले १४० करतात आणि ४३ टक्के लिहितात, आणि मग "आमचं मेटिंग कमी येऊन राहिलं" म्हणून रडतात. फार वेळ थांबूही नको, चारवाल्या काही तास पोहतात आणि मग फ्लॅजेला टाकून जाड भिंतीचा झायगोट बनतात, मग मोजणार काय.

गॅमिट मुळात नीट बनले का हे पण पाहा, अर्धे प्रयोग तिथंच पडतात. नायट्रोजन पूर्ण काढलेलं टॅप मीडियम (नळाचं पाणी नाही, शेवाळ वाढवायचं पोषक द्रावण), रात्रभर उजेड. उजेड लागतोच, त्यातही निळा भाग, अंधारात ठेवले तं गॅमिटपणा उतरतो. आणि आपलं नागपूर. मे महिन्यात बाहेर ४५ च्या वर, लोड शेडिंग झालं, एसी दोन तास बंद पडला की खोली भट्टी. या पेशींना २५ च्या आसपास बरं वाटतं. गरम झाल्या, आंबट झालं, जोरात पिपेट मारलं की फ्लॅजेला गळून पडतात, आणि फ्लॅजेलाच नाही तं चिकटणार काय? मग तू लिहिशील "ट्रिप्सिनमुळे चिकटणं शून्य". म्हणून प्रत्येक ट्यूबमधून एक थेंब आधी पाहायचा, पोहताहेत का. मी उन्हाळ्यात मिक्सिंग सकाळी सातलाच उरकायचे, तर्री पोहे त्यानंतर.

तुझ्या गाइडनी "हरित शैवाल" असं मोठं शीर्षक दिलंय म्हणून बाकीच्यांचं थोडक्यात. स्पायरोगायरात पोहणारे गॅमिटच नसतात, दोन धागे शेजारी येतात, नळी बनते आणि मधली भिंत विरघळून एकीतला ऐवज दुसरीत जातो, म्हणजे तिथंही भिंत तोडणं आहेच पण फ्लॅजेला-चिकटणं नाही. तलावाच्या काठचा हिरवा केसांसारखा गुंता हिवाळा सरता सरता आणून पाहा, शिडीसारखे जुळलेले धागे मिळतील. क्लोस्टेरियममध्ये एका टाइपनं सोडलेलं ग्लायकोप्रोटीन दुसऱ्याला भिंतीबाहेर यायला लावतं. व्होल्वॉक्समध्ये नरांच्या शुक्रपेशींचा पुडका मादीच्या गोळ्यावर आदळतो, सुटा होतो आणि बाहेरचा जेलीसारखा थर विरघळवून आत शिरतो. आणि हे आपल्याकडच्यांना आवडेल, व्होल्वॉक्सला उष्णतेचा झटका दिला तं तो लैंगिक पेशी बनवायला लावणारं प्रोटीन सोडतो, कर्क दांपत्यानं १९८६ मध्ये दाखवलं. उन्हाळ्यात आटणारं डबकं, पाणी तापलं की समजायचं दिवस भरले, आता टिकाऊ झायगोट बनवा आणि पावसाची वाट पाहा. विदर्भातल्या डबक्यांना हे कोणी वेगळं सांगायला नको. पण हे सगळं प्रस्तावनेत एका परिच्छेदात टाक, व्हायवात यावर घसरू नको, तुझा डेटा एकाच जातीचा आहे.

व्हायवाला पहिला प्रश्न हाच येणार, एन्झाइम मदत करतं की बिघडवतं. तेव्हा फळ्यावर तीन टप्पे काढ, पहिल्याखाली लिही "बाहेरचं ट्रिप्सिन, अॅग्लुटिनिन जातं, दोन तासांत परत", दुसऱ्याखाली "पेशीचं लायसिन, जस्त, सेरीन प्रोटीएजनं जागं होतं", तिसऱ्याखाली "फस-वन, हॅप-टू, फ्युजननंतर तुटतात". मग तुझे आकडे पहिल्याखाली मांड. कोणी म्हणालं की ट्रिप्सिननं लायसिनही बिघडलं असेल, तं डायब्युटिरिलवाल्या प्रयोगाची डिटर्जंट ट्यूब दाखव.

तो प्रयोग या आठवड्यात कर. आयबीएमएक्स महाग पडतं, ते माझ्याकडे थोडं उरलंय, येऊन ने. येताना प्लस-ट्रीटेड आणि मायनस-ट्रीटेडचे आकडे वेगवेगळ्या कागदावर आण, सरासरी काढून आणू नको, आणि ती ट्रिप्सिनची बाटली पण आण, लेबल मी स्वतः वाचणार आहे.